दुखून राहिलं

रिकाम्या हंड्यांचा आवाज तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे? भरलेला हंडा मुका असतो. त्याला बोलायची गरजच उरत नाही. पण रिकामे हंडे रांगेत एकमेकांना खेटून ठेवलेले असावेत, दूर माळावर टँकरची धूळ दिसावी आणि पन्नास बायकांनी ते एकदम उचलावेत, तेव्हा जो नाद उठतो तो मी आयुष्यात एकाच मुलखात ऐकला. पितळेचा गंभीर, तांब्याचा जरा गोड, जर्मनच्या घागरीचा उथळ आणि कर्कश, आणि त्या सगळ्यांवर बायकांच्या बांगड्या! आज माझ्या स्वयंपाकघरात हातून पातेलं निसटलं तरी क्षणभर तो पांढराफटक माळ डोळ्यांपुढे येतो, ती होरपळलेली बाभळ येते, आणि माझ्या हातून झालेली ती चूकही येते. तिचीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

मी कृष्णाकाठची. सांगलीजवळच्या ज्या गावात माझं बालपण गेलं तिथे पाणी ही विचार करण्याची वस्तूच नव्हती. डॉक्टर झाले, सरकारी नेमणुकीचा कागद हाती पडला आणि मी उदगीर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात येऊन दाखल झाले, तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. कचेऱ्यांमधून नवेपणाचा उत्साह नुसता ओसंडत होता: नव्या पाट्या, नवे तक्ते, नवे हुकूम. फक्त छापील कागद तेवढे मागचे शिल्लक होते. म्हणून प्रत्येक दाखल्यावरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ पेनाने खोडायचं आणि वर ‘लातूर’ लिहायचं, असा तोंडी हुकूम होता, आणि मी तो भक्तिभावाने पाळत असे. मला माझं अक्षर फार आवडायचं. कानही आवडायचे. छातीतली बारीकशी घरघर मी इतरांच्या आधी ओळखते असा कॉलेजात माझा लौकिक होता, आणि खरं सांगायचं तर तो मीच पसरवला होता.

माळावरच्या वाडीला पाणी पोचवणारा टँकर मन्मथअप्पा चालवत. वय पन्नाशीकडे झुकलेलं, कपाळावर भस्माचे पट्टे, सदऱ्याआड इष्टलिंग. स्टिअरिंगला हात लावण्याआधी ते दोन्ही हात जोडून ‘शरणार्थ’ म्हणत. तो नमस्कार देवाला असावा असं मला वाटे. पुढे कळलं की देव, इंजिन, रस्ता आणि शेजारी बसलेला माणूस अशा सगळ्यांना मिळून तो एकच होता. वाडीतल्या विहिरी फाल्गुनातच आटल्या होत्या आणि अख्ख्या वाडीची तहान या एका माणसाच्या हातापायांवर अवलंबून होती. एके दिवशी टाकी भरताना ते वरून घसरले आणि मडगार्डवर डोकं आपटलं. दोनचार क्षण शुद्ध हरपली, मग उठून बसले, ‘काय न्हाई, काय न्हाई’ म्हणाले आणि उलटी केली. लातूरच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला. हाड शाबूत होतं. दोन टाके, आठवडाभर विश्रांती, आणि कागदाच्या तळाशी एक ओळ: गाडी चालवण्यास योग्य आहेत किंवा कसे, हे स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवावे. स्थानिक वैद्यकीय अधिकारी म्हणजे मी, आणि मला त्या गावात येऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

अप्पा माझ्यापुढच्या स्टुलावर येऊन बसले त्या सकाळी बाहेर ओसरीभर माणसं होती. त्यांनी टाक्यांच्या शेजारी, अगदी बेताने, भस्म लावलं होतं. मी दाखल्याचा कागद ओढला आणि ‘उस्मानाबाद’ खोडता खोडता विचारलं, अप्पा, डोकं कसं आहे? ‘दुखून राहिलं, बाई.’ बरं झालं, मी म्हटलं. आमच्या गावाकडे पोट दुखायचं राहिलं म्हणजे थांबलं, ताप यायचा राहिला म्हणजे उतरला. दुखून दुखून अखेर राहिलं बिचाऱ्यांचं! गरगरतं का? ‘गरगरून राहिलं जरासं.’ चला, तेही राहिलं. उजेडाचा त्रास? ‘डोळे दिपून राहिले.’ उत्तम! मी मान वर करून प्रसन्न हसले, वळणदार अक्षरांत ‘लातूर’ लिहिलं, ‘योग्य’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि सही ठोकली. अप्पांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं हे मला आज स्वच्छ दिसतं. तेव्हा मी पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

पाचव्या दिवशी वाडीतून जुलाबाच्या साथीचा निरोप आला. केंद्राची जीप बैठकीसाठी लातूरला गेलेली, म्हणून औषधांची पेटी घेऊन मी टँकरमध्ये अप्पांच्या शेजारी चढून बसले. त्यांनी डोक्याचा रुमाल भुवयांपर्यंत ओढून घेतला होता आणि समोरचा रस्ता ते डोळे बारीक करून पाहत होते. गियर बदलताना हात जरा रेंगाळत होता. एका फाट्यावर त्यांनी गाडी चक्क थांबवली, शेकडो वेळा तुडवलेल्या त्या दोन वाटांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ‘हाव, उजवीकडं’ असं स्वतःशीच म्हणून निघाले. किती सावध ड्रायव्हर आहेत, मी मनात म्हटलं! डॉक्टर शेजारी बसली होती आणि डॉक्टरला एकही लक्षण दिसत नव्हतं.

वाडीत पाणी आडात सोडायचं असे, त्यासाठी गाडी मागे घ्यावी लागे. हंड्यांचा तो नाद उठला, बायका धावल्या. अप्पांची नजर उजव्या आरशात होती. डाव्या बाजूला सोजरबाई नावाची एक बाई आपला पितळी हंडा उचलायला वाकली होती, तिची पाठ मला खिडकीतून दिसली आणि मी ओरडले, ‘अप्पा!’ त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझा शब्द फार लांबून चालत येत असावा तसं पाहिलं, आणि मग ब्रेक दाबला. हंडा चाकाखाली चेपून थाळीसारखा झाला. सोजरबाई वीतभर अंतराने वाचल्या. अप्पा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले. बाहेर बायका एकच कालवा करत होत्या आणि आत ते अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘दुखून राहिलं म्हणलं होतं की, बाई. तुमी हासलाव, सही केलाव. म्या म्हणलं, बाईला ठावं असंल. दुखलं तरी चालवायचं असंल.’

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, नुसता गोंधळ होता, आणि मला तर त्या वाक्याचा अर्थच लागत नव्हता. वाडीत औषधं वाटून केंद्रात परतल्यावर तिथल्या रुक्मिणी सिस्टरांना विचारलं. त्या किनवटकडच्या, रानातल्या पाड्यांवर सुया टोचत हयात गेलेली, आणि माझ्यासारख्या चार डॉक्टरणींना वळण लावून झालेलं. त्यांनी कपाळावर हात मारला. ‘बाई, आमच्याकडं राहिलं म्हंजे चालू हाय! जेवून राहिलो म्हंजे जेवायलो. मरून राहिला म्हंजे अजून मरला न्हाई, पळत या!’ एरवी मी खळखळून हसले असते. त्या दिवशी खुर्चीत बसले आणि मला रडू आलं.

राहणे! केवढं घरगुती क्रियापद, आणि त्याच्या पोटात केवढी विसंगती! माणूस गावात राहतो, काम हातात राहतं, एखादी गोष्ट मनात राहते आणि सांगायची मात्र राहून जाते. वास्तव्य आणि विराम, सातत्य आणि समाप्ती ही एका छपराखाली इतक्या गुण्यागोविंदाने नांदत आली आहेत की, जन्मभर मराठी बोलूनही मला त्यांची भांडणं ठाऊक नव्हती. पण भाषेवर ढकलून मी मोकळी होणार नाही. मी मान वर करून त्या माणसाचे मिटमिटणारे डोळे एकदा जरी पाहिले असते, तर कुठल्याही बोलीत मला त्याचं दुखणं समजलं असतं. मी जिल्ह्याचं नाव दुरुस्त करत होते. आणि अप्पा? त्यांना ठणका होता, घेरी होती, तरी ते चार दिवस गाडी हाकत राहिले, कारण एका शिकलेल्या मुलीने सगळं ऐकून घेऊन, हसून सही केली होती. इतका विश्वास आपल्यावर कोणी टाकावा असं आपण काय केलेलं असतं?

दुसऱ्या दिवशी मी तहसील कचेरीत जाऊन दाखला परत मागितला. तिथले साहेब वैतागले. ‘पाच दिवसांत फिट माणूस अनफिट कसा हो, बाई? आन् वाडीला पाणी कोण नेणार?’ माणूस पाच दिवसांपूर्वीही अनफिटच होता, चूक माझी आहे, असं मी तिथेच माझ्या त्या लाडक्या अक्षरात लिहून दिलं. दुसरीकडचा एक बदली ड्रायव्हर दिवसाआड यायला तयार झाला. म्हणजे वाडीचं पाणी निम्म्यावर आलं. अप्पा बरे होऊन परत येईपर्यंत ते निम्म्यावरच राहणार होतं, आणि ते पुरते बरे होण्याआधी आले तर पुढच्या वेळी चाकाखाली नुसता हंडा येईल याची हमी कोण देणार होतं? इकडे रोज एक कोरडी घागर, तिकडे वाकलेली ती पाठ. किती दिवस थांबायचं हे मला एकटीला सांगायचं होतं.

त्यात बातमी फिरली ती भलतीच. ‘अप्पांच्या डोक्यावर परिणाम झाला.’ आपल्या भाषेत या वाक्याचा अर्थ एकच होतो. अप्पांच्या पत्नी महानंदाबाई आल्या, पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहिल्या. ‘लोक येडं म्हणून राहिलेत त्यान्ला, बाई. खरं सांगा, येड लागलंय का?’ हे क्रियापद आता मला नीट ऐकू येत होतं. मी त्यांना म्हटलं, वहिनी, हंड्याला हिसका बसला तर हंडा फुटतोच असं नाही, पण आतलं पाणी ढवळतं ना? तळाचा गाळ वर येतो. त्याला तुरटी फिरवून एका जागी ठेवायचं आणि कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही. त्या उन्हाळ्यात वाडीतल्या प्रत्येक घरात असं पाणी ठेवलेलं होतं. त्यांना एका क्षणात पटलं, आणि बहुधा त्यांनीच ते वाडीभर सांगितलं, कारण ‘येडं’ हा शब्द पुढे माझ्या कानावर आला नाही. अप्पा मात्र रुसले. वाटेत दिसले तर मान फिरवत. मला ‘शरणार्थ’ म्हणणं त्यांनी सोडूनच दिलं, आणि ते मला फार लागलं.

नांदेडला माझ्या ओळखीचे एक वृद्ध डॉक्टर होते. त्यांचा सल्ला घ्यायला मी एस.टी.ने निघाले. विष्णुपुरीजवळ खिडकीतून गोदावरीचं पाणी लकाकताना दिसलं आणि बसमधली सगळी माणसं बोलायची थांबून तिकडे पाहू लागली. माझ्या शेजारच्या म्हातारीने तर हात जोडले. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. असा मार एक्स-रेत दिसत नाही, ते म्हणाले. माणूस चालतो, बोलतो, जेवतो, आणि तरी त्याचं लक्ष एका वेळी एकाच बाजूला पुरतं, डोळ्यांनी पाहिलेलं पायापर्यंत पोचायला उशीर होतो. आधी पूर्ण विश्रांती. डोकं दुखायचं, घेरी यायची पुरती थांबल्याशिवाय गाडी नाही. मग रिकाम्या जागेत, सौम्य उजेडात, थोडा वेळ, शेजारी दुसरा ड्रायव्हर बसवून. त्रास परत सुरू झाला की तिथेच थांबायचं आणि पुन्हा मागच्या पायरीवर यायचं. निघताना त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, ‘तुम्ही त्यांना प्रश्न विचारलेत ते कळलं. त्यांना बोलू किती दिलंत?’

तेव्हापासून मी एक वही केली. पेशंट जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं, माझ्या मराठीत आणायचं नाही. अप्पांचं पान त्यात सर्वांत मोठं आहे. ‘सावलीत बरं, उन्हात कपाळ ठणकून राहिलं.’ ‘नातवाचं नाव यायला उशीर झाला.’ ‘झोप लई यायली.’ हे सगळं त्यांनी एकदम सांगितलं नाही. मी रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. पहिले चार दिवस ते भिंतीशीच बोलले. पाचव्या दिवशी मी त्यांना सांगितलं की अप्पा, मला तुमचं बोलणं कळलं नव्हतं, आणि कळलं नाही हेही मला कळलं नव्हतं. ते म्हणाले, ‘म्या बी इचाराया पायजे होतं. कागद लई झ्याक लिव्हला होता तुमी, म्हणून न्हाई इचारलं.’

तीन आठवडे गेले. ठणका गेला तसे ते बदली ड्रायव्हरच्या शेजारी बसून एका फेरीला गेले आणि परत येऊन उलटी केली. पुन्हा दहा दिवस ओसरी. वाडीतून रोज विचारणा व्हायची, साहेबांचे निरोप यायचे, आणि खुद्द अप्पाच एकदा म्हणाले, ‘बाई, टाकून द्या सही, वाडी तहानली.’ हा मोह किती मोठा होता म्हणून सांगू! मी नाही म्हटलं आणि रात्रभर स्वतःला कठोर म्हणत राहिले.

मग वाडीखालचा पाझर तलाव आमच्या कामी आला. पार आटला होता. तळ फरशीसारखा भेगाळलेला, सपाट आणि निर्मनुष्य. ज्या अवर्षणाने त्या माणसाच्या गाडीवर एवढा भार टाकला, त्यानेच त्याला शिकायला मैदानही मोकळं करून द्यावं! ऊन चढायच्या आधी रिकामा टँकर तिथे उतरवला. बदली ड्रायव्हर शेजारी बसला. हंड्यांच्या दोन रांगा मांडून त्यांच्यामधून गाडी मागे घ्यायची, ही कल्पना माझी. आणि मध्येच डावीकडून अचानक हाक मारायची, ही सोजरबाईंची. त्या स्वतः आपली जुनी जर्मनची घागर घेऊन आल्या होत्या. ‘एक हंडा मोडलाव माझा. आता ही मोडून दावा की, अप्पा!’ बायका फिदीफिदी हसल्या आणि कितीतरी दिवसांनी अप्पाही हसले. पहिल्या दिवशी दोन हंडे कलंडले. पाव तासात अप्पांनी आपणहून इंजिन बंद केलं. ‘बास. डोकं जड हून राहिलं.’ मी ते वहीत तसंच लिहिलं. पुढच्या आठवड्यात एक हंडा, मग एकही नाही. सोजरबाईंची हाक यायची आणि मान वळण्याच्या आधी पाय ब्रेकवर गेलेला असायचा. हाकेपासून ब्रेकपर्यंतचा वेळ मोजायला घेतलेलं घड्याळ मी बघायचं सोडून दिलं. त्या पायाकडेच बघत बसले.

अखेर भरल्या टाकीनिशी, खऱ्या रस्त्याने वाडीत जायचा दिवस आला. दाखला लिहून मी पर्समध्ये ठेवला होता, सही तेवढी बाकी होती. मी चढले तेव्हा अप्पांनी हात जोडले, ‘शरणार्थ’ म्हणाले, आणि त्यात मीही होते. फाट्यावर गाडी अडली नाही. वाडीत हंडे वाजले, बायका धावल्या, आणि सोजरबाईंनी पुढे होऊन सगळ्यांना बाजूला सारलं. टँकरच्या पत्र्यावर थाप मारत त्या ओरडल्या, ‘येऊ द्या, अप्पा! कुणी न्हाई मागं!’ अप्पांनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि खाली उतरले. गाडीभोवती एक पूर्ण फेरा घातला, चाकांमागे वाकून पाहिलं, डावीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. माझ्या खिडकीशी आल्यावर ओशाळल्यासारखं म्हणाले, ‘सोजर खोटं बोलंल म्हणून न्हाई, बाई. पर पायडलवर पाय माझा हाय ना.’

पाय त्यांचा होता, सही माझी असणार होती. त्यांनी गाडी अलगद मागे घेतली, पाणी धबधबा आडात कोसळू लागलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मी दाखला काढला, पेन उघडलं, पण कागदाकडे न पाहता अप्पांकडे पाहत विचारलं, डोकं? ‘न्हाई दुखत. धा दिस झाले.’ गरगरतं? ‘न्हाई.’ उजेड? ‘सोसतो.’ आणखी काही सांगायचं आहे, अप्पा? या खेपेला मी पुढच्या पेशंटला हाक मारणार नव्हते. त्यांनी स्टिअरिंगवरून बोट फिरवलं, बाहेर उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘भ्या वाटून राहिलं, बाई.’

‘मलाही वाटून राहिलं,’ मी म्हटलं, आणि सही केली.